ओलुफसरांची सतरा वाक्यं

ओलुफ टॉर्प यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे आधीच सांगून टाकते. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात. पण ज्यांचा गौरव करायचा त्यांना मराठीचं अक्षर येत नसलं तरी वाक्य खोटं असलं की बरोब्बर कळतं, आणि हा लेख त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला जाणार आहे. तेव्हा नुसतं गोडगोड लिहायची माझी छाती नाही.

बारा वर्षांपूर्वी इथे न्यूझीलंडमध्ये, न्यू लिनच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमच्या नाट्यमंडळाची तालीम चालली होती. आमची वेळ संपून वीस मिनिटं झाली होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे ‘हा एवढा प्रवेश उरकू’ म्हणत होतो. दारात एक उंच, पांढऱ्या केसांचे, भर थंडीत जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेले गृहस्थ उभे होते. पुढची वेळ त्यांच्या अभिनयवर्गाची होती. ते आता घड्याळ दाखवणार म्हणून मी माझी वाक्यं भराभरा म्हणायला लागले. त्यांनी घड्याळ दाखवलं नाही. खुर्ची ओढून बसले, प्रवेश पूर्ण पाहिला आणि म्हणाले, की बाकीच्यांचं ठीक चाललंय, पण कोपऱ्यातल्या बाई समोरच्याचं ऐकतच नाहीत, स्वतःचं वाक्य कधी येतंय याची वाट बघत असतात.

कोपऱ्यातल्या बाई म्हणजे मी. पुण्यात कॉलेजपासून रंगमंचावर वावरलेली. मी विचारलं, तुम्हांला मराठी येतं का? म्हणाले, नाही. मग कशावरून म्हणता? तर म्हणे, शब्द कळत नाहीत म्हणूनच दिसलं. अस्सा राग आला मला! घरी येऊन मी श्रीधरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तासभर त्या माणसाविषयी ऐकवलं. श्रीधरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मी गेली पंधरा वर्षं वेगळं काय सांगतोय? पुढच्या शनिवारी मी मुकाट्याने त्या गृहस्थांना आमच्या तालमीला बसायचं आमंत्रण दिलं. ते आले, आणि तेव्हापासून आमच्या मंडळाचं एकही नाटक त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय उभं राहिलेलं नाही. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. आम्हांला ते जमेना आणि ‘साहेब’ त्यांना चालेना, म्हणून शेवटी तोडगा निघाला तो ‘ओलुफसर’.

मंडळात नव्याने आलेल्यांना ओलुफसर म्हणजे ‘नाटकवाले डॅनिश काका’ एवढंच माहीत असतं, म्हणून थोडं मागचं सांगते. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावातला त्यांचा जन्म. वडील बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे, आवाज तिथूनच आलेला. कोपनहेगनला नाट्यशिक्षण झालं, मग टीव्हीवर एका खेडेगावातल्या गुरांच्या डॉक्टरची भूमिका मिळाली आणि ती इतकी चालली, की लोक रस्त्यात थांबवून आपलं लंगडणारं कुत्रं त्यांना दाखवायचे. आणि सर तपासायचेसुद्धा. नाही म्हणायचं जिवावर यायचं त्यांच्या.

ऐन भरात असताना एका सागरी चित्रपटासाठी ते न्यूझीलंडला आले. तीन महिन्यांचं काम होतं. त्या चित्रपटाचे कपडे शिवणाऱ्या मॉरीनबाई त्यांना भेटल्या आणि त्या तीन महिन्यांची चाळीस वर्षं झाली. (याच मॉरीनबाई आमच्या नाटकांत बायकांना नऊवारी नेसवतात, आणि आमच्यापेक्षा चापूनचोपून नेसवतात.) पण इथल्या पडद्यावर सरांच्या उच्चारामुळे त्यांना मिळाले ते सगळे परके लोक. जर्मन अधिकारी झाले, रशियन शास्त्रज्ञ झाले, नॉर्वेजियन खलाशी झाले, एक डच शेतकरी तर तीन वर्षं चालला. बहुतेक तिसऱ्या-चौथ्या भागात मरायचे. माझा मुलगा नील लहानपणी टीव्हीवर सर दिसले की आतून ओरडायचा, “मम, ओलुफ इज डाइंग अगेन!” चाळीस वर्षांत डॅनिश माणूस मात्र त्यांच्या वाट्याला एकदाही आला नाही.

त्यांची कामाची रीत मी एकदा फार जवळून पाहिली. एका हॉस्पिटलच्या मालिकेत सर मरणोन्मुख रुग्ण होते आणि त्यांनीच शब्द टाकल्यामुळे मला नर्सचं काम मिळालं होतं. माझं वाक्य एकच, की तुमचा मुलगा बाहेर आलाय. सेटवरची पद्धत अशी, की एकाचा चेहरा जवळून टिपत असताना समोरचा कॅमेऱ्यात दिसत नाही, त्यामुळे बडी मंडळी तेवढ्यात कॉफी प्यायला जातात आणि त्यांची वाक्यं कोणीतरी सहायक कागदावरून वाचतो. सरांचा भाग दुपारीच संपला होता. माझा टेक मात्र काही केल्या जमेना. एक वाक्य, पण माझ्या पुणेरी इंग्रजीची मलाच इतकी लाज वाटत होती, की तोंड उघडलं की आवाज बसायचा. नऊ टेक झाले. नऊही वेळा सर त्या पलंगावर, कॅमेऱ्याच्या बाहेर, नळ्या लावून पडून होते आणि दर वेळी नव्याने मरत होते. मला बरं वाटावं म्हणून नाही. समोर खराखुरा मरणारा माणूस असल्याशिवाय निरोप कोणाला द्यायचा, असं त्यांचं साधं म्हणणं. दहाव्या वेळी मी माझं इंग्रजी विसरले आणि त्यांना निरोप दिला.

आता आमच्या मंडळाचा एक पराक्रम. सरांनी आमच्या नाटकात काम करावं म्हणून मी त्यांना एक मुकी भूमिका दिली होती, घरात भाड्याने राहणाऱ्या म्हाताऱ्याची. पहिल्या अंकाच्या शेवटी तो आरामखुर्चीत मरतो. पडदा पडला, मध्यंतर झालं, आणि आमचे अध्यक्ष देशमुखकाका माइक घेऊन पुढे आले. मध्यंतरात सत्कार हा आपला रिवाज! त्यांनी सरांना रंगमंचावर बोलावून शाल पांघरली, श्रीफळ दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी दुसरा अंक सुरू झाला तो त्याच माणसाच्या शोकाने. मी पदर तोंडाला लावून हुंदका दिला आणि पहिल्या रांगेतून खसखस पिकली. अख्खा अंक हसण्यात वाहून गेला. देशमुखकाकांचं तोंड एवढंएवढं झालं. सरांनी त्यांना जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक नटाची आहे, मेलेल्या माणसाने शाल घ्यायला नको होती. तेव्हापासून आमचे सत्कार नाटक संपल्यावर होतात.

एवढं सगळं मी सांगितलं, पण या लेखात मला जे खरं सांगायचं आहे ते मागच्या वर्षीचं आहे.

सिने नावाच्या एका डॅनिश दिग्दर्शिकेने सरांना शोधून काढलं. लहानपणी तिने तो गुरांचा डॉक्टर पाहिला होता. तिच्या चित्रपटात एक म्हातारा कोळी होता, जन्मात आपलं गाव न सोडलेला. चाळीस वर्षांनी डॅनिश चित्रपट, डॅनिश भूमिका, तीही स्वतःच्याच किनाऱ्यावरची. सरांनी पाच आठवडे तिकडे काम केलं आणि परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. तालमीत शीळ घालायला लागले. मंडळात सगळे म्हणाले, बरं झालं बाई, गंगेत घोडं न्हालं.

चार महिन्यांनी शीळ बंद झाली. विचारलं तर काही नाही म्हणायचे. शेवटी एका रविवारी अवोन्डेलच्या बाजारात मेथीच्या जुड्यांसमोर उभे असताना त्यांनी मला सांगितलं. सिनेचं पत्र आलं होतं. सतरा वाक्यांत त्यांचे उच्चार बाहेरच्या माणसासारखे येतात, गावाबाहेर न पडलेला माणूस असं बोलणार नाही, तर ती वाक्यं पडद्याकडे पाहत पुन्हा नीट म्हणून द्यावीत. जमलं नाही तर कोपनहेगनचा एक नट त्यांची संपूर्ण भूमिका डब करेल, कारण अर्धा आवाज एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा ठेवता येत नाही. म्हणजे चेहरा सरांचा राहणार आणि आवाज सगळाच्या सगळा जाणार. पत्र फार नम्र होतं, म्हणाले. ते त्यांना जास्त लागलं होतं.

“इथे मी चाळीस वर्षं परका, कारण माझं इंग्रजी डॅनिश आहे,” सर म्हणाले. “आता तिथे परका, कारण माझं डॅनिश इंग्रजी झालंय. मग मी बोलतो ती भाषा कोणाची?”

आदल्याच वर्षी पुण्यात, माझ्या जन्मगावी, एका दुकानदाराने साडी दाखवता दाखवता मला विचारलं होतं, मॅडम, मूळच्या कुठल्या तुम्ही? बहीण म्हणते मी हल्ली कोणी बोलत नाही असं जुनं मराठी बोलते, त्यात प्रत्येक वाक्य वर उचलून संपवते. मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. मेथीसमोर उभं राहून मला ते पुन्हा आठवलं, आणि मी म्हणाले, समोरच्याची वाक्यं म्हणायला मी येते.

मग सहा आठवडे आम्ही त्या सतरा वाक्यांच्या मागे लागलो. मी ऑफिस सुटलं की न्यू लिनच्या पुढे टेकडीवर त्यांच्या घरी जायची. समोरच्या पात्राची वाक्यं मी इंग्रजी भाषांतरातून वाचायची, सरांनी त्यांचं डॅनिशमधून म्हणायचं. दिवसभर ते डेन्मार्कच्या बातम्या लावून ठेवायचे आणि निवेदकामागून एकेक स्वर घासूनपुसून घ्यायचे. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरचा, उभी हयात रंगभूमीवर आणि पडद्यावर घालवलेला माणूस बालवाडीतल्या मुलासारखा आरशात स्वतःचे ओठ बघत बसलेला. मला बघवायचं नाही. पण तक्रारीचा शब्द नाही, सिनेविषयी तर नाहीच. तिचा चित्रपट आहे, तिला जे ऐकू येतं तेच खरं, एवढंच म्हणायचे.

पाचव्या आठवड्यात वाक्यं स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ, की डॅनिशचा गंध नसलेल्या मलाही काहीतरी चुकलंय हे कळलं. मी वाचायची थांबले. मॉरीनबाई शिवणयंत्रावर होत्या, त्यांनीही पाय थांबवला. मी म्हणाले, सर, राग मानू नका, पण आता कोळी मासे विकत नाहीये, बातम्या देतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सर माझ्यावर चिडले. मला माहीत आहे, म्हणाले, पण खोटा का होईना, आवाज माझा राहील. नाहीतर तोही जाईल. मी पुढचं वाक्य वाचलं. दुसरं काय करणार होते?

डबिंगच्या दिवशी मी त्यांना गाडीतून घेऊन गेले, कारण नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना गाडी चालवायची मनाई होती. शहरातला छोटासा स्टुडिओ, तो इंटरनेटवरून कोपनहेगनच्या स्टुडिओशी जोडलेला. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. तिकडे सिने होती आणि तो दुसरा नट होता, पॅले नावाचा. साठीच्या पुढचा, सरांना त्या गुरांच्या डॉक्टरच्या दिवसांपासून ओळखणारा. मला एक हेडफोन मिळाला आणि तंत्रज्ञाशेजारची खुर्ची. सर काचेपलीकडे उभे राहिले.

तासाभरात सतरा वाक्यं झाली. एकही उच्चार चुकला नाही. पडद्यावर वारा खाल्लेला, जाळं ओढणारा म्हातारा दिसत होता आणि त्याच्या तोंडून निवेदक बोलत होता. मग सिने हलक्या आवाजात बोलली. तिला काय म्हणायचंय ते सरांच्या खांद्यांवरून मला कळलं. आता पॅले प्रयत्न करणार होता.

सरांचं काम तिथे संपलं होतं. इथला तंत्रज्ञ भला माणूस, त्याने दार उघडून धरलं आणि म्हणाला, “ऑल गुड, ओलुफ? तुम्ही निघालात तरी चालेल.” सर निघाले नाहीत. मला वाटलं अपमान गिळताहेत. पण ते पॅलेला डॅनिशमधून सांगायला लागले (काय ते मला नंतर कळलं), की इथे जाळं ओलं आहे, ते ओढताना श्वास तुटतो. इथे म्हाताऱ्याने आपल्या मुलीकडे न बघता बोलायचं आहे. मग समोरच्या मुलीची वाक्यं त्यांनी स्वतः म्हणून दिली. ज्याने आपला आवाज घ्यायचा त्याला काही कमी पडू नये म्हणून हा माणूस जीव ओतत होता. मी तंत्रज्ञाच्या टेबलावरचे कागदी रुमाल संपवले.

पॅलेने चार वाक्यं केली. पाचव्याला थांबला. सिनेने त्याला पहिल्यांदा मूळ चित्रीकरणातला सरांचा आवाज ऐकवला होता, तो त्याने पुन्हा मागितला. तो वाजला. मग पॅले काहीतरी बोलला, सावकाश, दोनच वाक्यं, आणि हेडफोन खाली ठेवल्याचा आवाज आला. काचेपलीकडे सर एकदम खाली बसले. मी धावत आत गेले. काय झालं, काय म्हणाला तो, मी विचारत राहिले. त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, ते मी इथे मराठीत लिहिते.

“तो म्हणाला, ‘हा माणूस चाळीस वर्षं घराबाहेर राहिलाय. ते माझ्या गळ्यात नाही.’”

सिनेने दहा मिनिटं मागितली. ती वीस मिनिटांनी परत आली आणि खूप वेळ बोलत होती. सर मान हलवत होते, मध्येच एकदा हसले. सरांनी मला मग सांगितलं ते असं, की तिने चित्रपट मनातल्या मनात पुन्हा पाहिला होता. म्हाताऱ्याने गाव कधी सोडलं नाही, हे चित्रपटात फक्त एका शेजाऱ्याच्या तोंडी येतं, ते काढता येत होतं. आणि जेवणाच्या एका दृश्यात म्हाताऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती. ओठ दिसत नव्हते. तिथे एक नवीन वाक्य घालता येणार होतं. ते वाक्य सरांनी आत्ता म्हटलं, तर बाकीचं सगळं मूळ होतं तसंच राहणार होतं, सतराच्या सतरा वाक्यांसकट, जसं ते पहिल्यांदा बोलले तसं.

वाक्य साधं होतं: मी फार वर्षं बाहेर होतो. आता आलोय.

सर उभे राहिले. पडद्यावर त्यांची पाठ आली, ताट आलं, समोर मुलगी आली. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. परत तसंच. तिसऱ्यांदा तर त्यांनी हातानेच थांबवायची खूण केली. मी परत बाहेर येऊन काचेतून बघत होते. त्यांनी मला आत बोलावलं, समोर स्टुलावर बसायला सांगितलं आणि म्हणाले, पडद्याला सांगता येत नाही, कोणाला तरी सांगावं लागेल.

मी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य मला सांगितलं. त्या वेळी त्यांनी एकही स्वर घासूनपुसून घेतला नाही. मला डॅनिश येत नाही. तरी मी ‘हो’ म्हणाले, मराठीत, मोठ्याने, आणि माझ्या त्या एका ‘हो’पायी टेक वाया गेला. पुढचा टेक मात्र चित्रपटात आहे.

परत येताना गाडीत न राहवून मी विचारलं, की सर, आता तिकडून आणखी बोलावणं येईल, तुम्ही डेन्मार्कला परत जाणार का? हा प्रश्न मी चित्रपटाची बातमी आल्यापासून मनात दाबून ठेवला होता. ते बाहेर बघत होते. म्हणाले, ते वाक्य एकदा खरं म्हणायचं होतं, ते म्हणून झालं. मॉरीन जेवायची थांबली असेल, घरी चल.

ओलुफसर आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, डोळे तर नवेच झाले आहेत. त्यांना आणि मॉरीनबाईंना उदंड, निरोगी आयुष्य मिळो आणि आमच्या तालमी त्यांच्या खुर्चीशिवाय कधी सुरू न होवोत. तिकडच्या पडद्यावर त्यांना घरी परतणाऱ्या माणसांच्या कितीही भूमिका मिळोत, त्यांनी त्या मन लावून कराव्यात. आणि शेवटचा प्रसंग टिपून झाला, की पहिलं विमान पकडून इकडे निघून यावं. एवढी एक प्रार्थना आम्ही आमच्यासाठी करतो.